धंदा सांभाळताना जेवणाचं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावातल्या उद्यमबागचे फाउंड्रीवाले, शहापूर-वडगावचे मागवाले, मार्केट यार्डातले अडतदार, निपाणी-चिकोडीकडचे व्यापारी आणि घरातूनच चटण्या-पापडांचा उद्योग चालवणाऱ्या बायका असे सगळे प्रश्न पाठवतात. कामं निरनिराळी असली तरी बहुतेकांचं दुखणं एकच असतं, दुपारचं जेवण हुकतं. ते हुकलं की चहा वाढतो, संध्याकाळी भजी होतात, रात्री अकराला पोटभर जेवण होतं आणि सकाळी भूकच लागत नाही. म्हणून आहारसल्ला देताना मी आधी जेवणाची वेळ विचारते, मग पदार्थ. खालची बरीच उत्तरंही फिरून दुपारच्या डब्यापाशीच येतात.

१. दुकान सोडून जेवायला जाताच येत नाही. साडेतीन-चार वाजतात. काय करायचं?

"गर्दी ओसरली की जेवतो" हे आधी सोडून द्या. गर्दी ओसरत नाही, आणि ओसरली की नेमका वसुलीचा फोन येतो. गाडी भरायची वेळ ठरलेली असते तशी जेवणाची वेळ ठरवा आणि ती दुकानातल्या पोरांना, हिशेबनिसाला, नेहमीच्या पार्ट्यांनाही सांगून टाका. एक ते दीड, शेठ जेवतात. थोड्या दिवसांत लोक आपणहून त्या वेळी फोन करायचं टाळतात.

अर्धा तास सलग मिळतच नसेल तर डबा दोनदा खा. बाराच्या सुमारास एक भाकरी आणि उसळ, साडेतीनला दुसरी भाकरी, भाजी आणि ताक. यात काही कमी पडत नाही. सकाळी नऊनंतर थेट चारला जेवलात तर मध्ये सात तास जातात. तेवढ्या भुकेला माणूस भराभर जेवतो. पोट भरल्याची जाणीव व्हायला साधारण वीस मिनिटं लागतात, तोवर गरजेपेक्षा जास्त पोटात गेलेलं असतं. मग सुस्ती येते आणि ती घालवायला पुन्हा चहा.

फाउंड्रीत ओतकामाच्या दिवशी वेळ हातात नसते. भट्टी तयार झाली की मालकालाही हलता येत नाही. त्या दिवशी जेवण भट्टीच्या आधी, साडेअकराला का असेना, उरकून घ्या. ओतकाम संपल्यावर जेवू म्हणणाऱ्यांची चार वाजेपर्यंत बिस्किटं आणि चहाच होतात.

डब्यात काय असावं, तर दोन ज्वारीच्या भाकऱ्या, एका खणात अख्खा मसूर, दुसऱ्यात मेथी किंवा अंबाडीची भाजी, कांदा-काकडी, कागदाच्या पुडीत शेंगदाण्याची चटणी आणि बाटलीत ताक. आपल्याकडच्या घरात यातलं काहीही नवं नाही. फक्त डबा गल्ल्यावर बसून खाऊ नका. मागच्या खोलीत, पोत्यावर बसून का होईना, फोन दुसऱ्याच्या हाती देऊन पंधरा मिनिटं जेवा.

२. सकाळी भूकच लागत नाही. चहा-बिस्किटावर निघालो तर चालेल का?

सकाळी भूक नसण्याचं कारण बहुतेक वेळा आदल्या रात्रीच्या उशिराच्या जेवणात असतं (प्रश्न ७ पाहा). ते सुधारेपर्यंत जबरदस्तीने भरपेट नाश्ता करायची गरज नाही, पण बिस्किटंही नकोत. त्यात मैदा, साखर आणि तेल याखेरीज फारसं काही नसतं. घरून निघताना नाचणीची आंबील प्या किंवा एक उकडलेलं अंडं खा, आणि दहाच्या सुमारास भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे आणि एक केळं घ्या. उप्पीट, पोहे करत असाल तर त्यात शेंगदाणे, मटार, गाजर सढळ हाताने घाला. नुसत्या रव्याच्या उप्पिटाने अकरालाच भूक लागते.

हॉटेलात नाश्ता करावा लागला तर इडली-सांबार घ्या आणि सांबार दुसऱ्यांदा मागून घ्या, त्यात डाळ असते. लोणी डोसा आणि पुरी-भाजी आठवड्यातून एखाद्या दिवशी.

३. दिवसात किती चहा चालतो? आमच्याकडे पार्टी आली की चहा सांगावाच लागतो.

चहा सांगा, पण प्रत्येकासोबत स्वतः पिऊ नका. एका कपात दोन चमचे साखर धरली तर साधारण १० ग्रॅम होते. असे सहा कप म्हणजे ६० ग्रॅम साखर. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत दिवसाला सुमारे २५ ग्रॅमपेक्षा जास्त साखर नको, असं म्हटलं आहे. म्हणजे नुसत्या चहानेच मर्यादेच्या दुपटीहून जास्त साखर पोटात जाते, गोडधोड वेगळंच.

याच सूचनांत दिवसाला ३०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन ठीक मानलं आहे. चहाच्या एका कपात ३० ते ६५ मिलिग्रॅम असतं. त्या हिशेबाने चार-पाच कपांनंतर थांबलेलं बरं, आणि त्यातलेही दोन बिनसाखरेचे झाले तर उत्तम. साखर एकदम बंद करू नका, दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत जा, जिभेला सवय होते. संध्याकाळी पाचनंतरचा चहा झोपेच्या आड येतो.

आणखी एक गोष्ट माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. जेवणाच्या आधी आणि नंतर एक तास चहा नको. चहातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. आपल्याकडे जेवल्या जेवल्या चहा सांगायची पद्धत आहे, ती मोडायलाच हवी. बायकांनी तर नक्कीच (प्रश्न १२).

४. टेन्शन आलं की काहीतरी चमचमीत खावंसं वाटतं. मनावर ताबा कसा ठेवायचा?

ताबा ठेवायच्या मागे लागू नका, त्याने फार दिवस निभत नाही. ताणाच्या काळात शरीरात कॉर्टिसोल हे संप्रेरक वाढतं. ते वाढलेलं असताना गोड आणि तेलकट खाण्याची ओढ वाढते. झोप कमी झाली तरी भुकेचं गणित बिघडतं. त्यात दुपारी जेवण झालेलं नसेल तर सहा वाजता खाऱ्या डाळीच्या, मिरची भज्यांच्या वासापुढे कुणाचंच चालत नाही.

उपाय दोन. दुपारचा डबा चुकवायचा नाही, आणि साडेचार-पाचला भूक असो-नसो, काहीतरी खायचं. चिरमुऱ्यात कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, मूठभर शेंगदाणे आणि लिंबू घालून खा. उकडलेलं रताळं खा, बेळगावच्या पश्चिम भागातलं रताळं हंगामात स्वस्त आणि गोड मिळतं. पेरूच्या दिवसांत पेरू. हे गल्ल्याच्या खणात आधीपासून असायला हवं, भूक लागल्यावर शोधाशोध केली की पोरगं गाड्यावरूनच आणतं.

महिन्याच्या ११ आणि २० तारखेला जीएसटी रिटर्नची धावपळ असते, हे तुम्हाला आधीच माहीत असतं. त्या दिवसांचा खाऊ आदल्या दिवशीच भरून ठेवा.

गाड्यावरच्या गोबी मंचुरीबद्दल बरेच जण विचारतात. कर्नाटक सरकारने मार्च २०२४ मध्ये गोबी मंचुरीत कृत्रिम रंग घालायला बंदी केली, कारण तपासणीत घातक रंग सापडले होते. लालभडक दिसणारी प्लेट परत करा. रंग नसला तरी मैदा आणि पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल राहतंच.

५. भाकरी, चपाती की भात? वजन कमी करायला भात सोडायचा का?

सोडायची गरज नाही. खानापूरकडच्या माणसाला भात सोडा म्हटलं तर तो आठ दिवसांत सल्लाच सोडून देतो, आणि त्यात त्याची चूक नाही. प्रमाण बदला. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम तंतू असतात, पॉलिश केलेल्या तांदळात ३ ग्रॅमच्या आसपास. म्हणून भाकरी खाल्ली की भूक उशिरा लागते. दुपारी भाकरी आणि रात्री एक वाटी भात, त्यासोबत दोन वाट्या आमटी-भाजी अशी वाटणी बहुतेकांना मानवते.

नाचणीला तर आपण उगाच गरिबाचं धान्य मानलं. १०० ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेवढ्याच गाईच्या दुधापेक्षा सुमारे तिप्पट.

६. आम्ही शाकाहारी. प्रोटीनसाठी पावडर घ्यावी लागेल का?

बहुतेकांना नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६५ किलोच्या माणसाला सुमारे ५४ ग्रॅम. मूठभर शेंगदाण्यांतून ७ ग्रॅम मिळतात, वाटीभर घट्ट मसूर किंवा मुगाच्या उसळीतून तेवढेच, ५० ग्रॅम पनीरमधून ९ च्या आसपास. बाकीचं भाकरी, डाळ, दही-ताकातून येतं. गडबड होते ती आमटी पाण्यासारखी पातळ केल्याने आणि उसळ आठवड्यातून एकदाच केल्याने. रोज एका जेवणात उसळ असलीच पाहिजे, एवढा एक नियम घरात लावून घ्या. अंडी चालत असतील तर एका अंड्यातून ६ ग्रॅम मिळतात.

७. दुकान बंद करून घरी पोचायला साडेदहा होतात. तेव्हा जेवायचं की नाही?

जेवायचं, पण थोडं. मुख्य खाणं साडेसात-आठला दुकानातच उरका. एक भाकरी आणि भाजी असलेला दुसरा छोटा डबा सकाळीच न्या, किंवा संध्याकाळी घरून मागवा. घरी आल्यावर वाटीभर आमटी, ताक किंवा ताकातली पातळ ज्वारीची कण्ही पुरते. जेवण आणि झोप यांत दोन तासांचं अंतर हवं. छातीत जळजळ होते म्हणून रोज गोळी घेणाऱ्या कितीतरी जणांचा त्रास एवढ्यानेच कमी होतो.

"घरच्यांसोबत एकदाच जेवायला मिळतं, तेही सोडू का?" असं एका अडतदाराच्या पत्नीने कळवळून विचारलं होतं. सोडू नका. सगळ्यांसोबत ताटावर बसा, ताटात कमी वाढून घ्या. रविवारी दुपारी मात्र सगळ्यांनी मिळून भरपूर जेवा.

८. पुणे, बंगळुरू, गोवा असा सतत प्रवास असतो. बाहेर काय खायचं?

आपल्या भागाकडे याचं तयार उत्तर आहे, ते म्हणजे कडक भाकरी. ज्वारीची किंवा बाजरीची ही पातळ, वाळवलेली भाकरी कोरडी ठेवली तर कित्येक दिवस टिकते. सोबत शेंगदाण्याची, जवसाची किंवा कारळ्याची चटणी घ्या. हायवेवर कुठेही दही किंवा ताक विकत मिळतं. दही, चटणी, कडक भाकरी, वर कांदा, एवढ्यात जेवण होतं.

ढाब्यावर बसावंच लागलं तर तंदुरी रोटी, डाळ आणि कोशिंबीर मागवा. घाटातून गोव्याला जाताना गाडी लागते म्हणून उपाशी निघणारे पोचल्यावर दुप्पट जेवतात. निघण्याआधी तासभर दोन इडल्या खाल्लेल्या बऱ्या. स्वतः गाडी चालवत असाल तर जड जेवून लगेच चाकावर बसू नका, झापड येते.

९. लग्नसराईत आणि सणात रोज कुठेतरी आमंत्रण. नाही म्हटलं तर लोक दुखावतात.

जा, आणि जेवा. व्यवहार नात्यांवर चालतो, ती नाती जपायलाच हवीत. मात्र उपाशी पोटी जाऊ नका. निघताना एक फळ आणि ग्लासभर ताक घ्या. ताटात आधी कोशिंबीर, भाजी, आमटी, मग भात. गोड एकच निवडा. मांडे असतील तर मांडे खा, रोज मिळत नाहीत. त्या दिवशी आइस्क्रीम नको.

दुकानात आलेल्या कुंद्याच्या डब्याचं काय, हाही नेहमीचा प्रश्न. एक तुकडा खा आणि डबा कामगारांत वाटून टाका. टेबलावर उघडा राहिलेला कुंदा फोनवर बोलता बोलता संपतो.

१०. साखरेऐवजी गूळ वापरतो. तो तर चालतो ना? करदंट तर पौष्टिकच.

गुळात थोडं लोह आणि खनिजं असतात, पण तो मुळात साखरच आहे. रक्तातली साखर गुळानेही तशीच वाढते. चहात गूळ घालून कप वाढवलेत तर फायदा शून्य. गोकाकच्या करदंटात डिंक आणि सुकामेवा असतो हे खरं, पण सोबत गूळही भरपूर. कष्टाचं काम करणाऱ्याला एक तुकडा ठीक. मधुमेह असेल तर गूळ, काकवी, मध हे सगळं साखरेच्याच हिशेबात धरा.

११. एकादशी, संकष्टी, श्रावण सोमवार करतो. शिवाय कुणी सोळा तासांचा उपवास सांगितलाय. दोन्ही चालेल का?

उपवास श्रद्धेचा आहे, तो जरूर करा. अडचण साबुदाण्याची आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, प्रथिनं नावालाच. खिचडीऐवजी वरीचा भात आणि शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, रताळं, दही, फळं घेतलीत तर दिवसभर तरतरी राहते.

सोळा तास न खाण्याचा प्रकार काहींना मानवतो. पण त्यांचं उरलेल्या आठ तासांतलं जेवण वेळेवर आणि व्यवस्थित असतं. धंदेवाल्यांनी तो केला की बऱ्याचदा दुपारी दोनपर्यंत चहावर राहणं आणि रात्री भरपेट खाणं असंच होतं. आधी महिनाभर दुपारचं जेवण वेळेवर करून दाखवा, मग पुढचं बघू. गोळ्या चालू असतील तर प्रश्न १३ वाचल्याशिवाय कुठलाच उपवास नको.

१२. मी बचत गटातून चटण्या-भाकरीचा व्यवसाय करते. दिवसभर चुलीपाशी असते पण स्वतः जेवायला वेळ नाही. सारखा थकवा येतो.

आधी हिमोग्लोबिन तपासा. बायकांना दिवसाला सुमारे २९ मिलिग्रॅम लोह लागतं, पुरुषांना १९. दुसऱ्यांसाठी शंभर भाकऱ्या थापणाऱ्या बाईच्या वाट्याला उरलेला तुकडा आणि चहा यावा, हे मला फार खुपतं. भाकऱ्यांच्या पहिल्या घाण्यातल्या दोन तुमच्या, त्या बाजूला काढून ठेवा. पालेभाजी, हरभरा, मसूर, अळीव खा आणि त्यावर लिंबू पिळा. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे लोह जास्त शोषलं जातं. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर नुसत्या खाण्यावर अवलंबून राहू नका, डॉक्टर देतील त्या गोळ्या पूर्ण घ्या.

१३. शुगरची गोळी चालू आहे आणि जेवण कधीकधी चुकतंच. मध्येच घाम फुटून हात थरथरतात.

याकडे अजिबात दुर्लक्ष करू नका. ग्लिमेपिराइडसारख्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेऊन जेवण लांबलं तर रक्तातली साखर ७० च्या खाली घसरू शकते. घाम, थरथर, धडधड, गोंधळ, चिडचिड ही तिची लक्षणं. लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. अजूनही ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच साखर घ्या. बरं वाटलं की जेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखान्यात न्या.

साखरेची पुडी गल्ल्यात आणि गाडीत ठेवा, आणि दुकानातल्या एका माणसाला हे सगळं समजावून सांगा. असं वारंवार होत असेल तर गोळीची वेळ आणि मात्रा डॉक्टरांना विचारून बदलून घ्या. मनाने गोळी सोडू नका. डॉक्टरांना तुमच्या जेवणाची खरी वेळ सांगा, "वेळेवर जेवतो" असं सांगितलंत तर ते गोळी त्याच हिशेबाने देतील.

१४. भट्टीपाशी खूप घाम जातो, म्हणून मीठ जास्त खातो. पण बीपीही आहे. नेमकं काय करू?

आपल्या रोजच्या लोणचं, पापड, चटणीत मीठ भरपूर असतं. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅम, म्हणजे चमचाभर मीठ पुरे. बीपी असलेल्याने वरून मीठ घेऊ नये. तहान लागायची वाट न पाहता दर अर्ध्या तासाला ग्लासभर पाणी प्या, मध्ये कमी मिठाचं ताक किंवा आंबील घ्या. तासन्‌तास भट्टीसमोर उभं राहणाऱ्याला पायात गोळे येत असतील, चक्कर येत असेल, तर मिठाचं प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या, कारण बीपीच्या काही गोळ्यांनी पाणी आणि क्षार आधीच जास्त बाहेर पडतात.

१५. तंबाखू खाल्ली की भूक लागत नाही, काम होतं. खरंच नुकसान आहे का?

आहे, आणि मोठं आहे. निकोटीन भूक दाबतं, पण शरीराची गरज तशीच राहते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. सोडायची इच्छा असेल तर १८००-११२-३५६ या राष्ट्रीय मोफत क्रमांकावर समुपदेशन मिळतं. सोडताना तोंडात ठेवायला बडीशेप, लवंग, भाजलेलं जवस चालेल. सुपारी नको, तीही कर्करोगकारक आहे.

१६. मला काहीच त्रास नाही. तरी तपासण्या करायच्या का?

करा. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. सुरुवातीला काहीच जाणवत नाही. तिशीनंतर वर्षातून एकदा उपाशीपोटीची साखर, बीपी, कोलेस्टेरॉल आणि कंबरेचा घेर तपासा. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ असेल तर सावध व्हा, १२६ किंवा जास्त आली तर पुन्हा तपासून डॉक्टरांकडे जा. कंबर पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी. सरकारी आरोग्य केंद्रात आणि नम्म क्लिनिकमध्ये (कर्नाटक सरकारच्या शहरी दवाखान्यांत) साखर आणि बीपीची तपासणी मोफत होते.

१७. क्रिएटिनिन वाढलंय असं सांगितलंय. वरचं सगळं मला लागू आहे का?

जेवणाच्या वेळांबद्दलचं आहे, पदार्थांबद्दलचं नाही. क्रिएटिनिन वाढणं ही बहुतेकदा किडनी कमजोर असल्याची खूण असते. किडनी कमजोर असेल तर प्रथिनं, मीठ, पोटॅशियम आणि कधीकधी पाणीसुद्धा मोजून घ्यावं लागतं. दुसऱ्यांना उत्तम असलेलं नारळपाणी, केळं, रताळं तुम्हाला अपायकारक ठरू शकतं. बाजारात मिळणारं कमी सोडियमचं मीठही नको, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. उसळ आणि डाळ किती, हे रिपोर्ट पाहूनच ठरतं. तीन दिवस जे खाल्लं ते वेळेसकट वहीत लिहा, चहाचे कपही, आणि ती वही आणि ताजा रिपोर्ट घेऊन किडनीच्या डॉक्टरांकडे आणि आहारतज्ज्ञांकडे जा.